जुना ट्रॅक्टर : घेण्याआधी आणि घेतल्यानंतर



पट्टा पडला, कोयते घरी परतले आणि गावोगाव चिंचेखाली, किराणा दुकानापुढे ट्रॅक्टर उभे राहू लागले की ओळखावे, जुन्या ट्रॅक्टरचा बाजार सुरू झाला. कुणाला कारखान्याची उचल फेडायची असते, कुणाचे हप्ते थकलेले असतात, कुणाच्या घरी लग्न निघालेले असते. बॉनेटवर खडूने 'विकणे आहे' असे लिहून खाली फोन नंबर. हाच ट्रॅक्टर दसऱ्याच्या तोंडावर भाव खातो, कारण तेव्हा वाहतुकीचे करार व्हायचे असतात आणि गरजू माणूस घासाघीस करीत नाही. तेव्हा जुना ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर तो वैशाखात घ्यावा, हे जुनेजाणते सांगतात ते खरे आहे. पण वैशाखात स्वस्त घेतलेला ट्रॅक्टर पौषात दारातून निघून गेला, तर त्या स्वस्ताईला काय चाटायचे? आमचा असा गेलेला आहे. म्हणून हे चार शब्द.

आम्ही दोघे भाऊ. सिंदफणेच्या खोऱ्यात आमचे नऊ एकर रान, त्यात निम्मा ऊस. 2009 साली आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून एका दलालाच्या मध्यस्थीने ट्रॅक्टर आणला. सव्वादोन लाख रुपये रोख मोजले. कागद काय घेतला? तर शंभर रुपयांच्या स्टँपवर विक्रीचा करारनामा आणि आर.सी. बुकाची झेरॉक्स. "नावाचं काय भाऊ, ते कधीबी लागतंय. तुम्ही आधी धंद्याला लावा," असे दलाल म्हणाला आणि आम्हालाही ते पटले. हंगाम चांगला चालला. जानेवारीत एके सकाळी गव्हाणीजवळ आमच्या दोन ट्रॉल्या भरून उभ्या असताना दोन माणसे आली. हातात फायनान्सचे पत्र. आधीच्या मालकाने त्या ट्रॅक्टरवर कर्ज काढलेले होते आणि हप्ते भरणे बंद केले होते. माणसे तशी बरी होती. ऊस खाली होईपर्यंत थांबली. नंतर हेड घेऊन गेली. आम्ही दोन रिकाम्या ट्रॉल्यांपाशी उभे.

विकणाऱ्याला गाठले तर तो म्हणाला, मीही दुसऱ्याकडूनच घेतला होता. थकबाकी आणि दंडव्याज मिळून एक लाख बारा हजार भरल्यावर ट्रॅक्टर परत आला. त्यासाठी गोठ्यातली लाल कंधारी जोडी विकावी लागली. आईने त्या दिवशी गोठ्याकडे पाहिले नाही. मधल्या एकोणीस दिवसांत वाहतूक बंद, टोळी बसून, आणि उचलीचा आकडा तिथल्या तिथे. यात फायनान्सचा काही दोष नव्हता. दोष आमचा होता. नेकनूरच्या बाजारात बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून बघतो, खूर उचलून बघतो, पावती फाडतो. बैलापेक्षा कितीतरी पट किमतीची वस्तू आम्ही झेरॉक्सवर घेतली होती.

आधी हिशेब

यंत्राकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्याला ट्रॅक्टर लागतो का, की ट्रॅक्टरचे काम लागते? शेती यंत्रांच्या हिशेबात ट्रॅक्टर वर्षाला 1000 तास आणि अशी 10 वर्षे चालेल, असे साधारण धरतात. आमच्या नऊ एकरांत नांगरट, मोगडणी, रोटाव्हेटर, सरी पाडणे, उसाची बांधणी आणि खोडव्यात पाचट कुट्टी एवढे सगळे धरले तरी वर्षाला दीडशे तासांच्या वर काम निघत नाही. उरलेले साडेआठशे तास कुठून आणणार? एक तर भाड्याने दुसऱ्यांची कामे करायची, नाही तर कारखान्याला ऊस ओढायचा. दोन्ही नसेल तर भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, हे आमचे स्पष्ट मत आहे. दारात ट्रॅक्टर म्हणजे अंगणाची शोभा, असे पाहुणे म्हणतात. पाहुणे हप्ता भरत नाहीत.

ज्याला ऊस वाहतुकीसाठी घ्यायचा आहे त्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. जुन्या ट्रॅक्टरची किंमत ही पहिली किंमत असते. टायर, बॅटरी, क्लच आणि डिझेल पंप यांसाठी किमतीच्या पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवलेला नसेल तर पहिल्याच हंगामात मुकादमाकडे हात पसरावा लागतो.

आणि सध्या नव्याचा भावही विचारून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरांवरचाही 5 टक्के झाला. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भाव आपोआप उतरला पाहिजे. विकणारा मात्र जुन्याच नव्याची किंमत सांगून 'एवढ्याचा होता, एवढ्याला देतो' म्हणतो. शोरूमचा आजचा आकडा खिशात असला की बोलणे लवकर आटपते.

ट्रॅक्टरने आजवर काय केले?

मॉडेल कोणते, किती सालचे, हे सगळे विचारतात. त्याने आयुष्यात काय केले, हे कुणी विचारत नाही; आणि खरी मेख तिथेच आहे. फक्त शेतात चाललेला ट्रॅक्टर आणि कारखान्याला दोन ट्रॉल्या ओढलेला ट्रॅक्टर, दोन्हींच्या मीटरवर तीन हजार तास असले तरी ते सारखे नसतात. ओढीच्या ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक, मागचा हूक, हाउसिंग आणि क्राऊन-पिनियन यांच्यावर जो ताण पडतो तो मीटरवर दिसत नाही. त्यातही जुन्या काट्याच्या मीटरला घड्याळ समजू नये. ते इंजिनच्या फेऱ्यांवर चालते. कमी फेऱ्यांवर तासन् तास फडफडत उभा राहिलेला ट्रॅक्टर मीटरवर कमी चाललेला दिसतो. केबल काढून ठेवली तर मग विचारूच नका. म्हणून मीटरपेक्षा क्लचच्या पायाचे रबर, चढायची पायरी, सीटची पत्र्याची कड आणि गिअरच्या दांड्याचा मूठ-गोळा पाहावा. मीटर बाराशे तास सांगते आणि पायरीची नक्षी पार झिजून आरशासारखी झाली आहे, तर पायरीवर विश्वास ठेवावा.

आपल्याकडे गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रात वाळू ओढलेलेही ट्रॅक्टर पुष्कळ. पाण्यात आणि वाळूत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या हबमधली बेअरिंग आणि ब्रेकचे ड्रम आतून खाल्लेले असतात. दुसरे म्हणजे त्यावर महसूल खात्याची दंडाची कारवाई चालू आहे का, हे तहसीलमध्ये विचारल्याखेरीज इसार देऊ नये. दंड विकणाऱ्याचा आणि ट्रॅक्टर आपला, असा घोळ नको.

काही व्यापारी पंजाबातून ट्रॅक्टर आणतात. तिकडे मलोट, तलवंडी भाई येथे जुन्या ट्रॅक्टरांचे मोठे बाजार भरतात. ट्रॅक्टर दिसायला देखणे, टायर भारी, आणि तिकडे शेती सपाट असल्यामुळे इंजिनला चढ-उताराचा त्रास नसतो. परंतु भाताच्या चिखलात चाकाच्या आसापर्यंत बुडून काम केलेले असते. त्यामुळे मागच्या धुऱ्याचे सील, गिअर ऑइलमध्ये शिरलेले पाणी आणि पुढच्या चाकांची बेअरिंग ही पहिल्यांदा बघावी. शिवाय परराज्यातल्या गाडीला तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला लागतो. तो नसेल तर सौदा तिथेच सोडावा.

मॉडेल निवडताना आमची कसोटी साधी आहे. माजलगाव, परळी किंवा बीडच्या बाजारात त्याचा सुटा भाग संध्याकाळपर्यंत मिळतो का? एच.एम.टी.चे ट्रॅक्टर 1971 पासून पिंजोरला झेटरच्या सहकार्याने बनत. अजूनही काही वस्त्यांवर ते इमानाने चालतात. पण तो कारखाना 2016 साली बंद करण्याचा निर्णय झाला. असा ट्रॅक्टर मिस्त्री घरचा असेल त्याने घ्यावा. उलट टोकाला, 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे नवे नियम लागले, तेव्हापासून त्यांत इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा आली. ती उत्तम चालते, पण बिघडली तर गावातला मिस्त्री पाना घेऊन बसून काही करू शकत नाही. जुने घेणाऱ्याने हा फरक विचारात घ्यावा.

हॉर्सपॉवरवरूनही फसगत होते. बॉनेटवर लिहिलेला आकडा बहुधा इंजिनचा असतो. रोटाव्हेटर फिरवणारी पी.टी.ओ.ची शक्ती त्याहून कमी असते. मध्यप्रदेशातील बुदनी येथे 1955 पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात प्रत्येक मॉडेलची पी.टी.ओ. शक्ती आणि डिझेलचा खर्च दिलेला असतो. विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा तो अहवाल बरा.

पाहायला जाताना

सकाळी लवकर जावे, आणि आदल्या दिवशी निरोप द्यावा की आम्ही आल्याशिवाय चालू करू नका. गेल्यावर चहा घेण्याआधी बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवावा. गरम लागला तर समजावे की पाहुण्यांच्या आधी ट्रॅक्टरलाच चहा पाजलेला आहे. थंड इंजिन कसे उठते हेच तर बघायचे असते. गरम इंजिन कुणाचेही उठते. तसे झाले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावे. एका दिवसाने काही बिघडत नाही.

चालू करण्यापूर्वी रेडिएटरचे झाकण काढा (थंड असतानाच, गरम असताना उघडले तर तोंड भाजेल). पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तपकिरी साय असेल तर हेडचे गॅस्केट गेले किंवा हेडला चीर आहे. मग ऑइलची पट्टी ओढा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरते आहे. ऑइल काळे असण्याने बिघडत नाही, डिझेल इंजिनमध्ये ते काळे होतेच. अगदी कोरे आणि गुळाच्या पाकासारखे दाट ऑइल मात्र संशयाने बघावे. आवाज आणि धूर लपवायला ते विकण्याच्या आदल्या दिवशी घालतात.

आता सेल्फ मारू द्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात थोडा पांढरा धूर आला तर ठीक. पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्याला डिझेलचा उग्र वास असेल, तर नोझल किंवा कंप्रेशन यांत खोट आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर एकदम रेस दिल्यावर निघाला आणि लगेच निवळला तर चालते. सारखा निघत असेल तर एअर फिल्टर चोंदला आहे किंवा पंप डिझेल जास्त सोडतो आहे. इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचे झाकण सैल करून बघा. तिथून चुलीच्या भगभगीसारखा धूर उसळत असेल, झाकण नाचत असेल, तर रिंगा-लायनर झिजले. पूर्ण इंजिन बांधायला किती लागतील हा आकडा आपल्या तालुक्याच्या मिस्त्रीकडून आधीच काढून आणलेला असावा, म्हणजे तिथल्या तिथे किमतीतून वजा करता येतो.

यानंतर अर्धा तास कामाला लावा. नुसते अंगणात फिरवणे म्हणजे काम नव्हे. शक्य असेल तर नांगर लावून चार तास घाला, किंवा भरलेली ट्रॉली ओढा. तापल्यावर कमी फेऱ्यांवर ऑइल प्रेशर बघा. थंडपणी प्रेशर सगळेच दाखवतात. तापल्यावर काटा तळाला गेला किंवा लाल दिवा मिणमिणू लागला तर आतली बेअरिंग सैल झालेली आहेत.

क्लच बघायचा आमच्या मिस्त्रीचा उपाय सांगतो. मोकळी जागा घ्या, समोर कुणी उभे राहू देऊ नका. दोन्ही ब्रेक जोडून दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन दबून बंद पडले पाहिजे. बंद न पडता आपले चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी, दहा वेळा करून दुसऱ्याची प्लेट जाळू नये. उतारावर गिअरमध्ये सोडून बघा, दांडा उसळून बाहेर येत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार.

हायड्रोलिकला रोटाव्हेटर किंवा नांगर जोडा, वर उचला, इंजिन बंद करा आणि खालच्या टोकाची जमिनीपासूनची उंची काडीने मोजून ठेवा. मग घरची विचारपूस करीत दहा मिनिटे बसा. औजार टेकायला आले असेल तर आतले पिस्टन-सील किंवा व्हॉल्व्ह गेलेले आहेत. उचललेल्या औजाराखाली मात्र कुणी वाकायचे नाही.

पुढचा धुरा जॅकवर घेऊन चाके हलवून बघावी. दोन्ही ब्रेक आधी वेगवेगळे आणि मग जोडून तपासावे. जोडून दाबल्यावर ट्रॅक्टर एका अंगाला ओढता कामा नये. मागचा हूक आणि त्याची भोके लांबट झाली आहेत का? हाउसिंगवर कुठे वेल्डिंगची रेघ आहे का? अंगभर नवा रंग असेल तर जास्त बारकाईने बघा. रंगाखाली वेल्डिंग छान लपते. टायरचे दात पाहताना टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या भेगाही पाहाव्यात, आणि दोन्ही मागची टायरे एकाच घडणीची आहेत का हेही. दिवे, हॉर्न, बॅटरी या गोष्टी बाजारात मिळतात, त्यावरून सौदा मोडू नये.

आपण स्वतः कितीही जाणते असलो तरी मिस्त्री बरोबर न्यावा, त्याचा दिवसाचा रोज द्यावा. तो दलालाचा मिस्त्री नसावा एवढे बघावे.

कागद

सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा बोजा, तसा आर.सी. बुकावर फायनान्सचा बोजा. बोजा असलेली जमीन आपण घेत नाही, मग बोजा असलेला ट्रॅक्टर का घ्यावा? आज हे बघणे फार सोपे झाले आहे. परिवहन खात्याच्या मोबाइल अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद दिसते. 2009 साली हे आमच्या हाताशी नव्हते, पण आर.टी.ओ.चे कार्यालय होते आणि आम्ही तिथे गेलो नाही, हेही खरे. बीडची मालिका एम.एच. 23, अंबाजोगाईची 44. बाहेरची मालिका असेल तर मूळ आर.टी.ओ.कडून नमुना 28 चा ना-हरकत दाखला लागतो. कर्ज फिटलेले असेल तर नमुना 35 आणि बँकेचे पत्र घेऊन बोजा आधी उतरवून घ्यावा, तोही विकणाऱ्याने. नाव बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30, दोघांच्या सह्यांनी.

चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिनचा नंबर पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. आजूबाजूचा पत्रा घासल्यासारखा, अंक वाकडेतिकडे असतील तर उठून चालू लागावे. भाव कितीही चांगला असो. सरकारी अनुदानावर घेतलेली यंत्रे ठरावीक मुदतीत विकता येत नाहीत, तेही विचारून घ्या.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत नाव बदलासाठी अर्ज केला पाहिजे, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवले पाहिजे. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली तरी आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. आपल्यातील ज्या सभासदांनी जुना ट्रॅक्टर विकून झेरॉक्सवर दिला आहे त्यांनी हे दोनदा वाचावे. तो ट्रॅक्टर आज कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या हातात, दिव्याविना चालला असेल, सांगता येत नाही.

आम्ही आता असे करतो : निम्मी रक्कम बँकेतून, आर.टी.ओ.त कागद दाखल झाल्यावर. उरलेली पुस्तक आपल्या नावावर आल्यावर. विकणारा कुरकुरतो. कुरकुरू द्यावे. ट्रॉलीचे पुस्तक वेगळे असते, तिचीही नोंदणी आणि नाव बदल करून घ्यावा. पुष्कळ जण हेडचे कागद करतात आणि ट्रॉली तशीच राहते. विकणाऱ्याने वाहतुकीचा करार करून कुठल्या कारखान्याची उचल घेतलेली असेल तर तीही फिटली का, हे त्या कारखान्याच्या शेतकी कार्यालयात विचारावे.

घेतल्यावर

जुना ट्रॅक्टर घरी आला की नारळ फोडण्याच्या आधी सगळी तेले बदलावी. आधीच्याने केव्हा बदलली, यावर विश्वास नको. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर, गिअर आणि हायड्रोलिकचे ऑइल, एअर क्लीनरचे ऑइल. त्या दिवशी मीटरचा आकडा वहीत लिहावा. आपल्यासाठी ट्रॅक्टरचे वय तिथून सुरू.

इंजिन ऑइल बहुतेक ट्रॅक्टरांना 250 तासांनी बदलायचे असते. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात बघून खात्री करावी. वर्षाला दीडशे तास चालणाऱ्याला हे वर्षातून एकदाच येते, आणि तोच अंदाज मनात धरून आपण हंगामातही चालतो, इथे चुकते. ऊस ओढताना इंजिन दिवसाला बारा तास चालू असेल तर 250 तास एकवीस दिवसांत संपतात. 120 दिवसांच्या हंगामात पाच-सहा वेळा ऑइल बदलले पाहिजे. 'हंगाम झाला की एकदम करू' म्हणणाऱ्यांचे इंजिन हंगामानंतर मिस्त्रीकडेच दिसते.

यातले बरेच तास तर यार्डात नंबरला उभे राहून जातात. थंडीत पुन्हा सेल्फ लागणार नाही या भीतीने ड्रायव्हर मंडळी इंजिन चालूच ठेवतात. उभ्या इंजिनला तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल लागते, आणि कमी फेऱ्यांवर डिझेल नीट न जळता नोझलवर काजळी धरते ते वेगळेच. बॅटरीत पैसे घालावे, पण यार्डात इंजिन बंद करावे. गळतीचेही तसेच. पेट्रोलियम संवर्धनवाले सांगतात की सेकंदाला एक थेंब गळला तर वर्षाला 2000 लिटरच्या वर डिझेल जाते. हिशेब करून बघितला, खोटा नाही.

एअर क्लीनर हा आपल्या भागातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. फडातली धूळ, पाचटाचा भुसा आणि रस्त्यावरची माती, हे सगळे इंजिन नाकाने ओढत असते. ऑइलच्या वाटीचा क्लीनर असेल तर हंगामात रोज सकाळी वाटी काढून बघा. तळाशी बोटभर गाळ दिसला की ऑइल टाकून द्या, वाटी डिझेलने धुवा, रेघेपर्यंत नवे ऑइल घाला. रेघेच्या वर नाही, जास्त झाले तर इंजिन ते ओढून घेते. कागदी फिल्टर असेल तर तो पाण्याने धुऊ नये आणि दगडावर आपटू नये. आतून बाहेर हलकी हवा मारावी. रबरी पाइपचे पट्टे आवळलेले आहेत का बघावे. फिल्टर कितीही चांगला असला आणि पाइप चिरलेला असला तर धूळ मागच्या दाराने आत जाते, आणि लायनर दोन हंगामांत झिजतो.

रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो. दर दोन दिवसांनी तो आतल्या बाजूने हवा मारून काढावा. पाणी कुठले घालता, हेही बघा. आपल्या बोअरच्या पाण्याने घागरीला जसा पांढरा थर बसतो तसाच तो इंजिनच्या आत बसतो आणि इंजिन तापू लागते. कुलंट मिसळलेले मऊ पाणी किंवा निदान पावसाचे साठवलेले स्वच्छ पाणी घालावे. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, हेड तडकते.

ग्रीस रोज, काम सुरू करण्याआधी. टायरची हवा रानात आणि रस्त्यावर सारखी ठेवू नये. पुस्तकातला आकडा पाहून ट्रॉली ओढताना थोडी जास्त ठेवावी. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय ड्रायव्हरची मोडावी. न मोडल्यास ड्रायव्हर बदलावा, प्लेट बदलण्यापेक्षा तो स्वस्त. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेकचे पाय खिटीने जोडलेले पाहिजेतच. भरधाव ट्रॅक्टरचा एकच ब्रेक लागला तर तो गरकन वळून उलटतो, आणि मागे दोन ट्रॉल्या असल्यावर काय होते ते आपल्या रस्त्यांवर दर हंगामात दिसते. ट्रॉलीच्या मागे तांबड्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावा. उसाचे वाढे पट्टीवर लोंबत असेल तर ते कापून टाका, रात्री मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसणारी तेवढीच खूण असते.

आणि एक, पी.टी.ओ.च्या फिरत्या शाफ्टवरचे झाकण काढून ठेवू नका. उपरण्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर त्यात गेला की सोडवायला वेळ मिळत नाही. रोटाव्हेटरमधला गवताचा गुंता काढायचा तर आधी इंजिन बंद, मग खाली उतरायचे. मडगार्डवर पोरे बसवून शेताला जाऊ नये, कितीही रडली तरी.

पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेचे पाणी साचत नाही. सुरू करण्यापूर्वी फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून साठलेले पाणी काढावे. बॅटरीची तार सोडून ठेवावी. छप्पर नसेल तर निदान धुराड्यावर डबा पालथा घालावा. मागे एका पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी तो घातला नव्हता, आणि दसऱ्याला सेल्फ मारला तेव्हा इंजिन जाम.

2017 साली आम्ही दुसरा जुना ट्रॅक्टर घेतला, या वेळी वर सांगितल्याप्रमाणे सगळे बघून. बोलणी चार महिने चालली. तो अजून आमच्याच दारात आहे. त्याची वही आता तिसरी लागली आहे. परवा एक गिऱ्हाईक आले होते, केज तालुक्यातले. आम्ही त्यांच्यापुढे तिन्ही वह्या ठेवल्या. त्यांनी चार पाने चाळली, वही मिटली, आणि उठून सरळ बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवला, गरम तर नाही ना म्हणून.